प्रवेशाचे पेढे आणि पूर्तीचा हिशेब

(तलासरी येथे वसतिगृहांतील कार्यकर्ते, शिक्षक व पालक यांच्या एकत्रीकरणात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला उच्च शिक्षणाविषयी बोलायला सांगितले आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर वार्ताहरकी केलेला माणूस. त्यामुळे सिद्धान्त मांडण्याच्या भानगडीत न पडता, माझ्या हातून राहून गेलेल्या एका बातमीपासून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी याच तालुक्यातील एका पाड्यावर मी गेलो होतो. बारावीचा निकाल लागला होता. त्या पाड्यावरची सहा मुले एकाच वर्षी उत्तीर्ण झाली होती आणि सहाही जणांनी महाविद्यालयात प्रवेश घेतला होता. पाड्याच्या इतिहासात असे प्रथमच घडत होते. गावकऱ्यांनी पेढे वाटले, मी छायाचित्र काढले, 'पाड्यावर ज्ञानाची पहाट' असा मथळा दिला. बातमी चांगली गाजली. निघताना त्यांतल्या एका मुलाच्या पाठीवर हात ठेवून मी म्हणालो, "काही अडलं तर सांग रे." तो "हो सर" म्हणाला. मी त्याला माझा दूरध्वनी क्रमांक मात्र दिला नाही.

पुढे काही वर्षांनी बोईसरला एका चहाच्या टपरीवर त्यानेच मला ओळखले. अंगात कारखान्याचा गणवेश होता. पदवी केव्हा मिळाली, असे मी सहज विचारले. तो ओशाळला. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती जमा व्हायला उशीर झाला. शुल्कातले अठराशे रुपये बाकी होते. ते भरल्याशिवाय परीक्षेचे प्रवेशपत्र मिळणार नाही, असे खिडकीवर सांगण्यात आले. पैसे जमवायला तो भातकापणीच्या मजुरीवर गेला. परत येईपर्यंत दोन पेपर होऊन गेले होते. त्याचे पुढचे वाक्य मी आजवर विसरू शकलेलो नाही. "सर, कॉलेज सोडायचं असं मी कधी ठरवलंच नाही. एकदा जायचं राहिलं, मग राहूनच गेलं."

मी विचारले, "कुणी बोलवायला आलं होतं का?"

तो म्हणाला, "नाही. आलं असतं तर गेलो असतो."

घरी आल्यावर मी ते जुने छायाचित्र काढले आणि चौकशी केली. सहांपैकी दोघे पदवीधर झाले होते. सहा जणांवरून साऱ्या जिल्ह्याचे अनुमान काढणे योग्य नाही, हे मला कळते. तथापि सहांच्या प्रवेशाची बातमी मी पहिल्या पानावर छापली आणि चौघांच्या परतण्याची बातमी मला ठाऊकसुद्धा नव्हती, ही वस्तुस्थिती आहे. आजचे माझे भाषण म्हणजे त्या न छापलेल्या बातमीचे प्रायश्चित्त आहे, असे समजा.

आपण मोजतो काय?

शिक्षणाचे मोजमाप करताना आपण सारे दाराशी उभे राहून आत जाणारे मोजतो. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये १८ ते २३ या वयोगटाच्या तुलनेत उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण देशात २८.४ टक्के होते. अनुसूचित जमातींमध्ये ते २१.२ टक्के होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३५ पर्यंत हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे ध्येय ठेवले आहे. ध्येय स्तुत्यच आहे. पण हा आकडा नोंदणीचा आहे. पहिल्या वर्षाच्या पटावर नाव असलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कोठे असतो, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. शेतकऱ्याने पेरलेले बियाणे मोजावे आणि खळ्यावर आलेले धान्य मोजूच नये, तसा हा प्रकार आहे.

आपल्या भागात तर हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या नव्वद टक्के, तर डहाणूत सुमारे एकोणसत्तर टक्के. वारली, कोकणा, धोडिया, मल्हार कोळी, कातकरी अशा आपल्या वनवासी बांधवांच्या घरातून महाविद्यालयात जाणारे मूल हे बहुधा त्या घरातले पहिलेच असते. ते मध्येच परतले की नुकसान एका मुलाचे होऊन थांबत नाही. मागची भावंडे पाहत असतात, शेजारचे पालक पाहत असतात. "तो तालुक्याला जाऊन शिकला, काय मिळालं त्याला?" हा एक प्रश्न पाड्यावरच्या पुढच्या दहा मुलांची वाट अडवतो.

कोसबादच्या टेकडीचा धडा

गळतीचा हा प्रश्न नवा नाही आणि त्यावरचे उत्तरही दूरदेशी शोधावे लागत नाही. ते याच भूमीत, डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर सापडले आहे.

पद्मभूषण ताराबाई मोडक आणि पद्मश्री अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे १९५० च्या दशकात ते कोसबादला नेले. शाळा होती, शिक्षिका होत्या, खाऊ होता. पण वारल्यांची मुले टिकेनात. त्या काळच्या रूढ समजुतीप्रमाणे 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही' असा शेरा मारून दोघींना मोकळे होता आले असते. त्यांनी तसे केले नाही. मूल येत नाही तेव्हा ते असते कोठे, हे त्या पाहायला गेल्या. तेव्हा दिसले की मुलगा गुरांमागे कुरणात आहे आणि मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन अंगणात आहे. मग शाळाच कुरणात गेली, ती कुरणशाळा. शाळाच अंगणात गेली, ती अंगणवाडी. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर, त्याला जोडून बालवाडी, त्याला जोडून प्राथमिक शाळा, अशी एकाच आवारात गुंफण केली, ती विकासवाडी. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि 'अंगणवाडी' हा डहाणूच्या मातीतला शब्द साऱ्या देशात पोहोचला.

या कार्याचा गौरव आपण पुष्कळ करतो. त्यातली पद्धत मात्र विसरतो. मूल गैरहजर राहिले की दोष मुलाचा, ही समजूत त्यांनी बाजूला ठेवली आणि त्याच्या दिनक्रमात अडसर कोणता आहे, याचा शोध घेतला. हीच दृष्टी आज अठरा वर्षांच्या महाविद्यालयीन मुलासाठी लावली तर काय दिसेल?

वाट कोठे तुटते?

पहिला अडसर पंचांगाचा. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की आपल्याकडे स्थलांतर सुरू होते. कोणी वीटभट्टीवर, कोणी रेतीच्या कामावर, तर कोणी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मासेमारी नौकांवर खलाशी म्हणून जातो. त्या नौकांवरचे आपले काही बांधव सागरी सीमेवर पकडले जाऊन पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडल्याचे आपण जाणतोच. महाविद्यालयाचे पहिले सत्र संपते ते नेमके याच दिवसांत. परीक्षा झाली, सुट्टी लागली, मुलगा 'पंधरा दिवस' म्हणून कामावर गेला आणि दुसरे सत्र सुरू झाले तेव्हा मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची होती. १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. त्यामुळे येथले वन आणि चिकूच्या वाड्या वाचल्या, ही समाधानाची गोष्ट. पण उद्योगांवर येथे मर्यादा असल्याने हाताला काम हवे तर बोईसर, उंबरगाव किंवा वापी गाठावे लागते. गणवेश, ठरावीक पगार आणि न्यायला येणारी गाडी. अठरा वर्षांच्या मुलासमोर ही निवड रोज उभी असते. ती चुकीची आहे, असे घरात चूल पेटण्याची चिंता असलेल्यांना आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

दुसरा अडसर कागदाचा आणि पैशाचा. जातीचा दाखला, जातपडताळणी, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँकखाते. यांतल्या एका ठिकाणी जरी नावाचे एक अक्षर वेगळे पडले, तरी शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो. शासनाच्या योजना आहेत, हे मी कृतज्ञतापूर्वक सांगेन. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना २०१६-१७ पासून आहे. मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. पण योजनेचा पैसा उशिरा येतो आणि खिडकीवरची मागणी आजची असते. या दोहोंमधल्या अंतरात मूल हरवते. माझ्या त्या मुलाचे अठराशे रुपये याच अंतरातले होते.

तिसरा अडसर भाषेचा. घरात वारली बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि महाविद्यालयात एकाएकी इंग्रजी. बारावीपर्यंत पाठांतरावर तरलेला विद्यार्थी पहिल्या सत्रात दोन-तीन विषयांत अडकतो. त्यांच्या भाषेत 'केटी लागते'. केटी ही काही आपत्ती नव्हे. शहरातल्या मुलांनाही ती लागते. पण त्यांच्या घरात "पुढच्या वेळी निघेल" असे सांगणारा मामा, काका, मोठी बहीण असते. आपल्या पाड्यावरच्या मुलाला तो निकाल म्हणजे 'तुझी ही जागा नव्हे' असा निर्वाळा वाटतो.

चौथा अडसर एकटेपणाचा. २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि विरार-वसईची महाविद्यालये जवळ आली. पण स्थानकापासून पाडा दूर, शेवटची एसटी चुकली की रात्र फलाटावर. वर्गात कोणी नाव विचारत नाही, डब्यातली नाचणीची भाकरी काढायला संकोच वाटतो. विन्सेंट टिंटो या अमेरिकी अभ्यासकाने १९८७ मध्ये विद्यार्थ्यांच्या गळतीवर ग्रंथ लिहिला. त्यांचे प्रतिपादन असे की, विद्यार्थी टिकण्यासाठी अभ्यासात गोडी लागणे जितके आवश्यक, तितकेच त्या संस्थेत आपली माणसे भेटणे आवश्यक. आपल्या वसतिगृहांतील कार्यकर्त्यांना हे कोणी सांगण्याची गरज नाही. ते रोज संध्याकाळी पंगतीत बसून हेच करीत असतात.

खासगी विद्यापीठांना विचारा

अलीकडे महाराष्ट्रात खासगी विद्यापीठांची संख्या वाढली आहे. जून महिना आला की फलक लागतात, घरपोच माहितीपुस्तिका येतात आणि कर्जाची व्यवस्थाही करून दिली जाते. काही संस्था उत्तम काम करतात. सर्वांना एकाच मापाने मोजण्याचा माझा हेतू नाही. पण फलकावर इमारत असते, सर्वाधिक पगाराचा आकडा असतो; शंभर मुले आत आली तर ठरल्या वेळेत किती पदवी घेऊन बाहेर पडली, हा आकडा मात्र मी फलकावर कधी पाहिलेला नाही. अर्धवट शिकलेल्या मुलाच्या घरी पदवी येत नाही, कर्जाचे हप्ते मात्र येतात.

अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला. सरकारी विद्यार्थी-साहाय्य घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने, ती खासगी असली तरी, आपले किती विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करतात हे जाहीर केले पाहिजे, असा दंडक घातला गेला. आपल्याकडेही सोय नाही असे नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, सहभागी होणाऱ्या संस्थेला पहिल्या वर्षी किती विद्यार्थी घेतले आणि किती जण विहित मुदतीत पदवीधर झाले, ही माहिती द्यावी लागते. म्हणून पालकांनो, पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारा. मागच्या तुकडीतले किती जण वेळेत उत्तीर्ण झाले? मध्येच सोडावे लागले तर शुल्क आणि मूळ कागदपत्रे परत कशी मिळतील? शिष्यवृत्ती यायला उशीर झाला तर मुलाला परीक्षेला बसू देणार का? उत्तर लेखी मागा. जी संस्था या प्रश्नांनी रागावते, तिने आपले उत्तर दिलेच, असे समजा.

एक उदाहरण आवर्जून सांगतो. अटलांटा शहरातील जॉर्जिया स्टेट विद्यापीठ हे सरकारी विद्यापीठ. २००३ च्या सुमारास तेथे सहा वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३२ टक्के होते. पुढील काळात ते ५० टक्क्यांच्या वर गेले. त्यांनी काय केले? पहिल्या परीक्षेतली घसरण, चुकलेली विषयनिवड अशा बारीक खुणांवर लक्ष ठेवून विद्यार्थ्याला लगेच बोलावून घेण्याची व्यवस्था केली. आणि २०११ पासून, केवळ थोड्या थकबाकीमुळे ज्यांचे नाव पटावरून कमी होणार, अशा विद्यार्थ्यांच्या खात्यात विद्यापीठानेच ती किरकोळ रक्कम भरण्यास सुरुवात केली. त्यासाठी विद्यार्थ्याने अर्ज करण्याची वाटसुद्धा पाहिली नाही. त्या संपन्न देशातही मुले काही शे डॉलरसाठी शिक्षण सोडत होती. मला आपले अठराशे रुपये आठवले.

परतीचा दरवाजा

तलासरीत हे बोलताना माधवराव काणे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. कल्याणचे सार्वजनिक जीवन मागे ठेवून ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस येथे आले आणि मूठभर मुलांना घेऊन वसतिगृहाचे काम उभे राहिले. त्यांच्या सहवासात घडलेले चिंतामण वनगा वकील झाले आणि पुढे खासदार म्हणून दिल्लीत गेले. वसतिगृहाने दिले ते छप्पर आणि भोजन एवढेच नव्हते. मूल दोन दिवस दिसले नाही तर त्याच्या घरी चालत जाणारा माणूस तेथे होता. याच तलासरीत गोदावरी परुळेकर यांच्या नावाने महाविद्यालय उभे आहे. त्यांचा आणि आपला विचार भिन्न आहे, हे सर्वविदित आहे. पण पाड्यावरच्या मुलीला घराजवळ पदवीचे शिक्षण मिळत असेल, तर त्याचे स्वागत करण्याइतके मन आपण मोठे ठेवले पाहिजे. गळती थांबवण्याच्या कामात पक्षाचा झेंडा आड येता कामा नये.

नव्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिली आहे. मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा राहतात आणि पुढे परत येऊन शिक्षण पूर्ण करता येते. कल्पना उत्तम आहे. भीती एवढीच की, आपल्या मुलांना बाहेरचा दरवाजा तेवढा दिसेल आणि परतीचा कोणी दाखवणार नाही. तो दाखवणे हे तुमचे-माझे काम.

आणि परतण्याला वय नसते. अनुताई वाघ बालपणीच विधवा झाल्या. नोकरी करता करता रात्रशाळेत शिकून १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या आणि बी. ए. झाल्या त्या १९६१ मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, कोसबादचे काम सांभाळून. मॅट्रिक ते पदवी यांत चोवीस वर्षांचे अंतर! आजच्या तक्त्यात त्यांची नोंद कोणत्या रकान्यात झाली असती? म्हणून सुटलेल्या मुलाला 'नापास' म्हणू नका. तो वाटेत थांबला आहे, असे म्हणा.

एक वही ठेवूया

शेवटी तीन छोट्या गोष्टी सुचवतो. त्यांना मोठा निधी लागत नाही.

पहिली, प्रत्येक गावात एक वही. यंदा महाविद्यालयात गेलेल्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, संस्था, वर्ष आणि संपर्क तीत असावा. वर्षातून तीनदा ती उघडावी: गणेशोत्सवात, दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू होताना आणि निकालाच्या दिवशी. प्रत्येक नावापुढे आज तो कोठे आहे, हे लिहावे. तीन वर्षांनी आपल्या गावाचा खरा आकडा आपल्याच हाताने लिहिलेला असेल.

दुसरी, एक छोटी गंगाजळी. देणगी म्हणून नव्हे. शिष्यवृत्ती येईपर्यंतची उसनवारी म्हणून. दाखल्यातले अक्षर दुरुस्त करायला तहसील कार्यालयात सोबत जाणारा एक जाणकार आणि परीक्षेपूर्वी अडलेले हजार-दोन हजार रुपये, एवढ्याने पुष्कळ वर्षे वाचतात.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, एक मुलगा आणि एक माणूस. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पालक-कार्यकर्ता, ज्याचा क्रमांक त्या मुलाच्या खिशात असेल. पुण्या-मुंबईतील मध्यमवर्गीय कुटुंबांनाही यात सहभागी होता येईल. पदवी मिळेपर्यंत, म्हणजे तीन वर्षे, आठवड्यातून एक दूरध्वनी, एवढेच. सत्काराची शाल पहिल्या वर्षी न देता तिसऱ्या वर्षी द्यावी, अशीही माझी सूचना आहे.

बोईसरच्या त्या मुलाचा क्रमांक मी आता जपून ठेवला आहे. त्याची कागदपत्रे गोळा झाली आहेत. नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करता यावी म्हणून मुक्त विद्यापीठाचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून भरला. त्याच्या प्रवेशाची बातमी मी छापणार नाही. तो पदवीधर होईल, त्या दिवशी छापीन.

तुम्ही आज घरी गेल्यावर आपल्या गावातले असे एक नाव आठवून पाहा. आणि उद्या सकाळी त्याच्या दाराशी जा. आपण येण्याची वाट तो पाहत असेल.